प्रवासात सान्शिन शिकणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांच्या दोन प्रवासांत मिळून मी सुमारे सात आठवडे सान्शिन हे तेथील तीन तारांचे वाद्य शिकले. त्यानंतर जपानला निघालेल्या ओळखीच्या मंडळींकडून, सतार किंवा पेटी वाजवणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून आणि नोकरीनिमित्त टोकियो-ओसाकात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून जवळपास तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एक मुद्दा दुसऱ्यात शिरतो, तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सान्शिन म्हणजेच शामिसेन हे जपानी तंतुवाद्य ना?

नाही, मात्र दोन्ही एकाच घराण्यातली आहेत. चीनमधले तीन तारांचे एक वाद्य रियुक्यु राज्यात, म्हणजे आजच्या ओकिनावात, आले आणि तेथे त्याचे सान्शिन झाले. सोळाव्या शतकाच्या मध्याला ते ओसाकाजवळच्या साकाई बंदरात पोहोचले. तेथील वादकांनी त्याला आपल्या हातातला मोठा, पंख्यासारखा पसरट आघातक, म्हणजे तारा छेडण्याचे साधन, लावला, सापाच्या कातड्याऐवजी मांजराचे किंवा कुत्र्याचे कातडे मढवले, आणि त्यातून शामिसेन घडले. म्हणजे जगाला ठाऊक असलेले शामिसेन हे वयाने धाकटे आहे. सान्शिन सुमारे पाऊण मीटर लांब असते, शामिसेन साधारण एक मीटर. सान्शिनचा आवाज गोलसर आणि मऊ असतो; शामिसेनमध्ये आघाताचा कडक ठोका ऐकू येतो.

२. प्रवासात शिकायचे तर दोन्हींपैकी कोणते निवडावे?

हातात दोन-तीन आठवडेच असतील तर सान्शिन. शामिसेनचा आघातक नुसता नीट धरायला शिकण्यात काही आठवडे सहज जातात आणि तोवर परतीचे तिकीट येऊन ठेपते. सान्शिनवर पहिल्याच दिवशी ऐकवण्याजोगा स्वर निघतो. आओमोरी भागातले जोरकस त्सुगारु शामिसेन ऐकूनच तुम्हाला जपानला जावेसे वाटले असेल, तर अर्थातच उत्तरेकडे जा. फक्त एका सहलीत गाणे बसेल ही अपेक्षा ठेवू नका. पुढील सर्व उत्तरे सान्शिनबद्दल आहेत, शामिसेनचा उल्लेख जेथे आवश्यक आहे तेथेच केला आहे.

३. शिक्षक वाद्याच्या भागांची नावे घेतात, ती आधी माहीत असावीत का?

पाच-सहा नावे पुरतात. दांडीला ‘सो’ म्हणतात, कातडे मढवलेल्या पेटीला ‘चीगा’, तिच्याभोवती गुंडाळलेल्या गोंडेदार कापडी पट्ट्याला ‘तीगा’, खुंट्यांना ‘काराकुइ’ आणि तारांना ‘चिरू’. जाड तार ‘उझुरू’ म्हणजे पुरुष-तार, मधली ‘नाकाझुरू’ आणि बारीक ती ‘मीझुरू’ म्हणजे स्त्री-तार. तारा ज्यावर टेकतात त्या बांबूच्या लहानशा तुकड्याला ‘उमा’ म्हणतात. उमा म्हणजे घोडा. आपणही सतारीच्या त्याच भागाला घोडी म्हणतो, त्यामुळे हे नाव मला एकदा ऐकूनच पाठ झाले. उजव्या हाताच्या तर्जनीत बसवायच्या, म्हशीच्या शिंगाच्या लांबट आघातकाला ‘चिमी’ म्हणतात आणि त्याचाही अर्थ नखच. आपली नखी आणि त्यांची चिमी या दोन शब्दांची गाठ माझ्या माहितीत कोणी घालून दिलेली नाही. तारेवर बोट ठेवणाऱ्या माणसाला बहुधा कोठेही हेच सुचत असावे.

४. किती दिवसांत काहीतरी वाजवता येईल?

तासाभराच्या अनुभव-वर्गात एखाद्या सोप्या गाण्याच्या दोन ओळी वाजतात, आणि तेवढ्यावर समाधान होत असेल तर त्यात काही गैर नाही. एक संपूर्ण गाणे, स्वतः गात, न अडखळता सादर करायचे असेल तर आठ ते दहा दिवस एकाच गावी राहणे, एक दिवसाआड धडा घेणे आणि रोज तासभर रियाज करणे एवढे किमान हवे. येथे मी माझे मत आग्रहाने मांडते. बहुतेक प्रवासी नाहा शहर, मग मियाको, मग इशिगाकी बेट असे फिरत प्रत्येक ठिकाणी एकेक अनुभव-वर्ग घेतात, आणि पाच ठिकाणी पहिलाच धडा पाच वेळा शिकून परत येतात. पहिल्या प्रवासात मीही तेच केले. चिमी कशी धरायची हे मला चार जणांनी चार प्रकारे दाखवले आणि परतताना माझ्याकडे एकही गाणे नव्हते. दुसऱ्या खेपेला नाहात एकाच शिक्षिकेकडे राहिले, तेव्हा कोठे एक गाणे अंगात मुरले. एक गाव, एक शिक्षक आणि एक गाणे हे ठरवून जाणाऱ्याची सहल वाया जात नाही.

५. शिकायला नेमके कोठे जावे?

नाहा शहर सर्वांत सोयीचे आहे. कोकुसाई-दोरी या मुख्य रस्त्यावर आणि त्यामागच्या बाजाराच्या गल्ल्यांत सान्शिनची दुकाने आहेत, आणि काही दुकानदार स्वतः शिकवतात किंवा शिक्षकाचा पत्ता देतात. मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओन्ना गावातल्या रियुक्यु मुरा आणि योमितानमधल्या मुरासाकी मुरा या पर्यटन-संकुलांत अनुभव-वर्ग मिळतात. ते पहिली ओळख होण्यासाठी चांगले आहेत, शिक्षणासाठी अपुरे. योमितानला जाण्याचे आणखी एक कारण असे की सान्शिनचा आद्य गायक मानला जाणारा आकाइन्को याचे देवस्थान तेथे आहे. इशिगाकी हे याएयामा बेटांच्या लोकगीतांचे केंद्र आहे, परंतु तेथे शिकायचे असल्यास आधी प्रश्न १७ वाचावा.

ओकिनावापर्यंत जाणे शक्य नसेल, तर ओसाका शहराचा ताइशो विभाग ध्यानात ठेवा. तेथे पिढ्यान्‌पिढ्या ओकिनावी लोक राहतात आणि सान्शिन तेथील घराघरांत आहे.

६. मला जपानी येत नाही. शिक्षक इंग्रजी बोलतात का?

अनुभव-वर्गांत बहुधा मोडकेतोडके बोलतात. घरी शिकवणारे वयस्कर शिक्षक बहुतेक वेळा नाही. तरीही अडत नाही, कारण शिकवण्याची पद्धत समोर बसून ऐकणे आणि तसेच करणे ही आहे, आणि गुरुमुखातून शिकलेल्या माणसाला ती नवी नाही. ‘मो इचिदो’ म्हणजे पुन्हा एकदा आणि ‘युक्कुरी’ म्हणजे सावकाश, एवढ्या दोन शब्दांवर माझा पहिला आठवडा निभावला. माझ्या शिक्षिका सत्तरीच्या होत्या. माझे बोट चुकीच्या जागी पडले की त्या काही न बोलता आपल्या वाद्यावर तोच स्वर धरून ठेवत आणि माझे बोट सरकत सरकत त्यांच्या स्वराला येऊन मिळेपर्यंत थांबत. तो मिळाला की मान हलवत, एवढेच.

७. कुंकुंशी म्हणजे काय? ती न शिकता चालेल का?

कुंकुंशी ही सान्शिनची स्वरलिपी आहे. अठराव्या शतकातील संगीतकार याकाबी चोकी यांच्याकडे तिचे श्रेय जाते. ती चौकटींमध्ये वरून खाली लिहितात आणि स्तंभ उजवीकडून डावीकडे वाचतात. गाण्याचे शब्द शेजारी बारीक अक्षरात असतात आणि रिकामे वर्तुळ म्हणजे विराम. पाश्चात्त्य स्वरलिपीशी तिचा संबंध नाही. प्रत्येक चिनी अक्षर ‘कोणत्या तारेवर कोठे बोट’ एवढेच सांगते. जाड तारेवर आइ, ओत्सु, रो; मधल्या तारेवर शि, जो, चू, शाकू; बारीक तारेवर को, गो, रोकु, शिचि, हाचि. यांतील आइ, शि आणि को या मोकळ्या तारा.

म्हणजे सुरुवातीला बाराच अक्षरे लागतात. ती एका रात्रीत पाठ होतात आणि झाली की शिक्षकाचे बोलणे न समजताही धडा समजतो, म्हणून ती टाळू नका. मी बारा अक्षरे देवनागरीत एका कार्डावर लिहून वाद्याच्या पिशवीत ठेवली होती. तीन दिवसांनी कार्डाची गरज उरली नाही.

८. मला सतार किंवा पेटी येते. त्याचा उपयोग होईल का?

होईल आणि थोडा अडथळाही होईल. तारा जुळवण्याची सर्वांत प्रचलित पद्धत ‘होन्चोशी’ ही आहे. तिच्यात मोकळ्या तारा षड्ज, मध्यम आणि वरचा षड्ज अशा लागतात. तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात मिळवलेली ज्याने ऐकली आहे, त्याला हे वातावरण परके वाटणार नाही. पांढरी एक हा षड्ज धरून पुष्कळ गाणी शिकवली जातात, मात्र गायकाच्या गळ्यानुसार पट्टी वरखाली करतात. रियुक्यु म्हणून ओळखला जाणारा स्वरसमूह सा, ग, म, प, नी असा, सर्व शुद्ध स्वरांचा आहे. तिलंगाचा आरोह मनात आणा, म्हणजे अर्धे काम झाले. दक्षिणेत गंभीरनाट्टै रागाचे स्वर तर हेच. असे असले तरी ओकिनावातले प्रत्येक गाणे याच पाच स्वरांत नसते.

अडथळा पेटीवाल्यांना अधिक येतो. दांडीवर पडदे नाहीत, त्यामुळे स्वर कानानेच शोधावा लागतो. त्यातही मधल्या तारेवरचा शाकू, म्हणजे निषाद, पेटीच्या पट्टीत नेमका बसत नाही. शिक्षक वाजवतात तितकाच तो ठेवावा. सतारवाल्यांची गोष्ट वेगळी आहे. सतारीत डाव्या हाताच्या तर्जनी आणि मध्यमेवर सारा भार असतो. येथे तर्जनी, मध्यमा आणि करंगळी वापरतात, अनामिकेला जवळपास सुट्टीच असते. माझी करंगळी पहिले चार दिवस शाकूपर्यंत पोहोचतच नव्हती आणि अनामिका आगाऊपणे पुढे येत होती.

एक गैरसमज येथेच दूर करते. जवारीसारखा झणकार सान्शिनमध्ये नसतो. तो शामिसेनमध्ये असतो, आणि त्याला तेथे ‘सावारी’ म्हणतात. दोन शब्दांचे साम्य कानाला सुखावते, म्हणून त्यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावा.

९. मला फक्त वाजवायचे आहे, गाणे आवश्यक आहे का?

आवश्यक आहे, आणि हे समजून न घेतल्यामुळे सर्वाधिक निराशा होते. ओकिनावात ‘उता-सान्शिन’ असा जोडशब्द आहे, म्हणजे गाणे आणि सान्शिन हे एकच काम मानतात. वाद्याची धून सुटी ऐकली तर पुष्कळदा अपुरी वाटते, कारण तिची दुसरी बाजू गळ्यात असते. शिवाय आवाज आणि तार नेहमी एकत्र चालत नाहीत. शब्द तारेच्या किंचित मागून येतो, कधी तार पुढे निघून जाते, आणि अभिजात गायनात हे अंतर आणखी वाढते. पेटीच्या संगतीत वाढलेल्या आपल्या कानाला सुरुवातीला ही चूक वाटते.

माझ्या पहिल्या धड्यात शिक्षिकेने चाळीस मिनिटे वाद्याला हात लावू दिला नाही. मांडीवर थाप देत त्या ओळ गात आणि मी मागून गात असे. नंतर वाद्य हातात दिले तेव्हा बोटांना कोठे जायचे ते आधीच कळलेले होते.

शब्दांचे म्हणाल तर ती टोकियोची जपानी भाषा नसून ओकिनावाची स्वतःची भाषा आहे. जपानीतले ए आणि ओ हे स्वर तिच्यात बहुधा इ आणि उ होतात; ‘कोकोरो’ म्हणजे मन, ते येथे ‘कुकुरु’ होते. युनेस्कोने २००९ साली ही भाषा धोक्यात असलेल्या भाषांत नोंदवली. शिक्षक उच्चाराबद्दल हट्टी असतात त्याचे हेही एक कारण असावे.

१०. पहिले गाणे कोणते निवडावे?

‘तिन्सागु नु हाना’. ते संथ आहे, होन्चोशीत आहे, आणि ओकिनावात लहान मुलेही ते गातात. २०१२ साली ते प्रांताचे लोकगीत म्हणून निवडले गेले. तिन्सागु म्हणजे आपला तेरडा. त्या फुलांनी नखे रंगवतात, तसे आईवडिलांचे शब्द मनावर रंगू दे, असा पहिल्या कडव्याचा भाव आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस असे म्हणत वाढलेल्या आणि गौरीच्या दिवसांत तेरडा घरी आणणाऱ्या आपल्याला हा अर्थ उमजतो तेव्हा गंमत वाटते. त्याच फुलाकडून तेथे टिकाऊपणाची अपेक्षा आहे. मी हे शिक्षिकेला हातवारे करून सांगण्याचा प्रयत्न केला. त्यांनी नखांकडे बोट दाखवून दोन आठवडे अशी खूण केली.

दुसरे गाणे हवे असल्यास ‘आसादोया युन्ता’ घ्यावे. ते ताकेतोमी बेटाचे आहे. त्या बेटावर पर्यटकांना फिरवणारे रेडागाडीवाले रेड्याला त्याच्या वाटेने चालू देत स्वतः सान्शिन घेऊन हे गाणे गातात. ‘काग्यादेफू’ या मंगलप्रसंगीच्या अभिजात रचनेचा आग्रह पहिल्या सहलीत धरू नये. दर वर्षी ४ मार्चला सान्शिन दिन असतो, कारण जपानीत तीन म्हणजे सान आणि चार म्हणजे शि. त्या दिवशी ही रचना ठिकठिकाणी एकाच वेळी वाजवली जाते, आणि मार्चमध्ये तेथे असाल तर ती ऐकणेच पुरेसे आहे.

११. वज्रासनात बसावे लागते का? गुडघे दुखतात.

जपानी पद्धतीची बैठक आपल्या वज्रासनासारखी असते आणि अभिजात मंचावर तीच अपेक्षित आहे. धड्याच्या वेळी मात्र बहुतेक शिक्षक खुर्ची देतात. पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. संकोचाने बसून राहिल्यास पायाला मुंग्या येतात, आणि उठताना हातातले वाद्य आपटते ते वेगळेच.

१२. हॉटेलात रियाज कसा करावा?

भिंती पातळ असतात, म्हणून रात्री आठनंतर वाजवू नये. दिवसा हातरुमालाची घडी उमाजवळ तारांखाली सरकवली की आवाज अर्ध्याहून कमी होतो. चिमी काढून बोटाच्या पेराने छेडले तर आणखी कमी. समुद्रकिनारी बसून वाजवण्याचे चित्र मोहक आहे, परंतु खारा वारा आणि वाळू वाद्याला मानवत नाहीत. सावलीतली बाग बरी.

१३. फी आणि शिष्टाचार यांबद्दल काय ध्यानात ठेवावे?

फी पाकिटात घालून, दोन्ही हातांनी द्यावी, आणि नोटा शक्यतो कोऱ्या असाव्यात. वाद्य ओलांडून जाऊ नये. हे आपल्याला सांगावे लागत नाही. धडा रेकॉर्ड करण्यापूर्वी विचारावे. बहुतेक शिक्षक रियाजासाठी होकार देतात, पण तो होकार ते चित्रण इतरांना दाखवण्यासाठी नसतो. एका शिक्षकाकडे शिकत असताना दुसऱ्याकडे जायचे झाल्यास आधी सांगावे. अभिजात संगीतात नोमुरा, आफुसो अशा वेगवेगळ्या परंपरा आहेत आणि त्यांचे सांभाळायचे संकेत आपल्या घराण्यांइतकेच नाजूक आहेत.

१४. वाद्य विकत घ्यावे का? घ्यायचे तर कोणते?

धड्यांपुरते वाद्य शिक्षक देतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काहीही विकत घेऊ नये. गाणे बसू लागल्यावर घ्यायचे ठरले, तर कृत्रिम कातड्याचे नवशिक्यांसाठीचे सान्शिन घ्यावे. पिशवी, चिमी आणि सुट्या तारांसह ते साधारण २० ते ४० हजार येनमध्ये मिळते. काळ्या लाकडाची दांडी आणि खरे सर्पचर्म असलेल्या वाद्यांच्या किमती लाखांत जातात.

दुकानात दांड्यांचे आकार वेगवेगळे दिसतील. परंपरेने ते सात मानतात, आणि त्यांपैकी माकाबी हा सर्वाधिक आढळणारा आहे. नवशिक्याने आकारावर डोके शिणवू नये. खुंट्या घसरत नाहीत ना आणि दांडी डोळ्यासमोर धरल्यावर सरळ दिसते ना, एवढे पाहावे.

स्वस्त आणि मनाला भिडणारा आणखी एक पर्याय म्हणजे ‘कान्कारा सान्शिन’, म्हणजे पत्र्याच्या डब्याचे. १९४५ च्या लढाईनंतर छावण्यांत राहणाऱ्या लोकांनी रिकामे डबे, खाटेचे लाकूड आणि पॅराशूटची दोरी यांतून ही वाद्ये केली होती. आज ती जोडणीच्या सुट्या संचांतही मिळतात. आवाज पातळ आणि किंचित टणटणीत असतो. प्रवासात वापरायला मात्र यासारखे निर्धास्त वाद्य नाही.

१५. सापाच्या कातड्याचे सान्शिन भारतात आणता येते का?

सरळ उत्तर द्यायचे तर आणू नका. हे कातडे ब्रह्मी अजगराचे असते, आणि तो ओकिनावातला साप नसून आग्नेय आशियातून आलेला असतो. धोक्यातील प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे, त्यामुळे जपानबाहेर नेताना तेथील अर्थव्यवस्था, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाचा परवाना लागतो. भारतातही २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात हा करार आणला गेला आहे. परवान्याशिवाय वाद्य नेल्यास ते विमानतळावरच राहण्याची शक्यता आहे.

येथे एक खाचखळगा आहे. दुकानात ‘बळकट केलेले’ कातडे म्हणून जे विकतात, ते कृत्रिम कापडावर ताणलेले खरे सर्पचर्मच असते, आणि त्याला हेच नियम लागतात. उलट कृत्रिम कातड्यावर खवल्यांचे चित्र छापलेले असते व ते लांबून हुबेहूब दिसते. म्हणून बिलावर ‘कृत्रिम कातडे’ असे लिहून घ्यावे आणि ते बिल वाद्याच्या पिशवीत ठेवावे. माझ्या पिशवीतले ते बिल मुंबईच्या विमानतळावर खरोखर मागितले गेले.

शामिसेन आणणाऱ्यांनीही सावध राहावे. जुन्या शामिसेनचे आघातक हस्तिदंताचे किंवा कासवाच्या पाठीचे असू शकतात. ते मुळीच घेऊ नयेत. उत्तम शामिसेनची दांडी ज्या तांबड्या लाकडाची करतात ते आपले रक्तचंदन आहे, आणि ते आंध्रच्या शेषाचलम भागात वाढते. म्हणजे मैफलीत आपल्यासमोर वाजत असलेल्या शामिसेनची दांडी आपल्याच देशातून गेलेली असू शकते.

१६. विमानात वाद्य केबिनमध्ये नेता येते का?

जपानी अंतर्गत विमानसेवांत हातातल्या सामानाची लांबी साधारण ५५ सेंटिमीटरपर्यंत चालते आणि शंभराहून कमी आसनांच्या विमानांत त्याहूनही कमी. सान्शिन यात बसत नाही. तिकीट काढल्यावर लगेच कंपनीला विचारून ठेवावे. आयत्या वेळी मिळणारी सवलत ही सवलत असते, हक्क नसतो. सामानात टाकावे लागलेच तर कडक पेटी वापरावी, उमा काढून वेगळी गुंडाळावी आणि तारा थोड्या सैल कराव्यात. उमा न काढता इशिगाकीहून निघालेल्या माझ्या वाद्याची उमा पिशवीतच दुभंगली होती. ती बदलता येते, कातड्यावर उमटलेला खड्डा मात्र तसाच राहतो.

१७. एका बेटावर शिकलेले दुसऱ्या बेटावर चालते का?

वाद्य चालते, गाणे पूर्णपणे चालेलच असे नाही. मुख्य बेट, मियाको आणि याएयामा यांची लोकगीते, बोली आणि आवाज लावण्याची रीत वेगळी आहे. उत्तरेकडच्या अमामी बेटांचा तर प्रांतच वेगळा, कागोशिमा. तेथे चिमीऐवजी बांबूची पातळ, लांब काडी वापरतात, तारा बारीक असतात, पट्टी चढी असते आणि आवाज मध्येच उलटून वरच्या सुरात जातो. नाहात शिकून अमामीला गेलेल्या माणसाने तेथे नवशिक्या म्हणूनच बसावे, म्हणजे दोन्ही बाजूंना सोपे जाते.

१८. पर्यटक व्हिसावर शिकता येते का? तेथे वाजवून पैसे मिळवता येतील का?

अल्पकालीन मुक्कामात काही धडे घेण्यास अडचण नाही. पैसे मिळवणारे कोणतेही काम करता येत नाही, आणि यात टोपी पुढे ठेवून रस्त्यावर वाजवणेही आले. अनेक महिने राहून तज्ज्ञ शिक्षकाकडे शिकायचे असल्यास जपानमध्ये सांस्कृतिक कार्यासाठी निवासाचा वेगळा प्रकार आहे. त्यासाठी शिक्षकाची माहिती, शिकण्याचा आराखडा आणि खर्चाची सोय दाखवावी लागते. तो मार्ग ठरवण्यापूर्वी प्रश्न ४ मधला दहा दिवसांचा मुक्काम एकदा करून पाहावा.

१९. सान्शिनवर अभंग किंवा राग वाजवता येईल का?

येईल, कारण पडदे नाहीत आणि कोणताही स्वर घेता येतो. परंतु छेडलेला स्वर लवकर विरतो. लांब मींड निम्म्यावरच संपते आणि भैरवीतला रेंगाळणारा कोमल ऋषभ पोरका वाटतो. शब्दाबरोबर ठाय लयीत चालणारे अभंग त्यामानाने बरे लागतात. मी एकदा शिक्षिकेला एक अभंग वाजवून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकले, मग माझ्या हातातले वाद्य घेऊन गुंडाळले आणि चहा आणला. पुढच्या धड्यात पुन्हा तिन्सागु. निदान पहिले गाणे पूर्ण होईपर्यंत असे प्रयोग शिक्षकासमोर करू नयेत.

२०. मी डावखुरा आहे. उलटे धरले तर?

वाद्याची कातडे मढवलेली पेटी दोन्हीकडून सारखीच असते. खुंट्यांची मांडणी आणि शिकवण्याची सारी पद्धत मात्र उजव्या हाताची आहे. थोड्या दिवसांसाठी उजव्याप्रमाणेच धरावे. डाव्या हाताचे काम येथे अधिक नाजूक असल्यामुळे डावखुऱ्यांना त्याचा फायदाच होतो, असे मी दोघांच्या बाबतीत पाहिले आहे.

२१. घरी परतल्यावर शिक्षण आणि वाद्य दोन्ही कसे टिकवावे?

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे तेथील रात्री आठचा धडा आपल्याकडे दुपारी साडेचारला येतो. ऑनलाइन धड्यात आवाज उशिरा पोहोचतो आणि दोघांना एकत्र वाजवता येत नाही. एकाने वाजवायचे, दुसऱ्याने ऐकायचे, असे पाळीपाळीने चालते. प्रत्यक्ष ओळख झालेल्या शिक्षकाशी हे जमते, अनोळखी शिक्षकाशी सुरुवातच अशी करणे कठीण जाते.

वाद्याबाबत: वाजवून झाल्यावर उमा आडवी करून ठेवावी, म्हणजे कातडे खचत नाही. बंद मोटारीत उन्हाळ्यात वाद्य कधीही ठेवू नये, उष्णतेने गोंद सुटतो. एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी झाली की लाकडी खुंट्या आकसून घसरतात. छिद्राला थोडा खडू लावला की त्या पुन्हा धरतात, आणि पहिल्या पावसात त्याच खुंट्या फिरता फिरत नाहीत. तारांचे दोन जादा संच येतानाच आणावेत, कारण बारीक मीझुरू सर्वांत आधी तुटते आणि सतारीची पोलादी तार तिच्या जागी लावता येत नाही.